ब्रुट्टो, टारा, नेट्टो

एप्रिल लागला की आमच्या जर्मनच्या क्लासात आठवा धडा येतो. हे मी मुद्दाम ठरवलेलं नाही. बॅच जानेवारीत सुरू होते, परीक्षा मे अखेरीस पुण्यात असते आणि मधल्या आठवड्यांची वाटणी करता करता पगाराच्या चिठ्ठीचा धडा नेमका ऐन उन्हात येऊन पडतो. मिरजेत हॉस्पिटलांच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानावर पत्र्याचा मजला आहे, तिथे आमचा क्लास. दुपारी पत्रा इतका तापतो की भिंतीवरच्या जर्मनीच्या नकाशाच्या कडा वळायला लागतात. समोर रात्रपाळी करून आलेल्या सतरा-अठरा सिस्टर. निम्म्या पेंगत असतात आणि निम्म्या रडकुंडीला आलेल्या असतात. तशात मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, ब्रुट्टो.

यंदा लिहिलं आणि पुढचा शब्द हातून उतरेना. खडू तसाच धरून उभी राहिले. पुढच्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, तिला वाटलं मला उन्हाने चक्कर आली. पाणी प्यायले. चक्कर आली असती तर बरं झालं असतं.

खरं तर हे तीन शब्द माझ्या फार आवडीचे. शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. क्रियापदांचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे, पण ब्रुट्टो, टारा, नेट्टो आले की पूर्वी अंगात हुरूप यायचा. हे शब्द जर्मन नाहीतच. ते इटलीच्या व्यापाऱ्यांचे. गाठोड्यांबरोबर ते कधीतरी डोंगर ओलांडून पलीकडे गेले आणि तिथेच राहिले. इटलीत ब्रुट्टो म्हणजे कच्चा, ओबडधोबड, आणि रोजच्या बोलण्यात तर सरळ सरळ कुरूप. नेट्टो म्हणजे स्वच्छ. जर्मनांनी ते जसेच्या तसे उचलले. डचांनी, स्वीडन-डेन्मार्कच्या लोकांनी, पोलंडने, हंगेरीने, पार रशियानेसुद्धा उचलले. स्पॅनिश लोकांनी ब्रुट्टोतला एक ट काढून टाकला, फ्रेंचांनी शेवटचा ओ गिळला, इंग्रजांनी नेट तेवढा ठेवला आणि ब्रुट्टोच्या जागी ग्रॉस बसवला. टारा तर त्याहून लांबचा. तो मुळात अरबांचा, अर्थ वजा केलेलं, टाकून दिलेलं. एकमेकांच्या उरावर बसलेले हे सगळे देश, पण पोतं तराजूवर चढलं की सगळे एकच भाषा बोलतात, याचं मला तरुणपणी फार कौतुक वाटायचं. आता कौतुक वाटायला सवड आणि ताकद दोन्ही कमी पडतात.

आणि गंमत म्हणजे हे सगळं मी कधी पाहिलेलं नाही. जर्मनीला मी गेलेलेच नाही. दोनदा पासपोर्ट काढला, दोनदा त्याची मुदत संपली. पहिल्यांदा लग्न निघालं, दुसऱ्यांदा सासूबाई अंथरुणाला खिळल्या. ट्रामचं तिकीट कसं काढायचं हे मी शेकडो मुलींना शिकवलं आहे, आणि स्वतः मिरज ते सांगली शेअर रिक्षाने जाते.

पण हे तीन शब्द शिकवायला मला युरोपची गरज पडत नाही. माझे वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका आडत दुकानात वजनाला असायचे. हंगामात ते घरी आले की त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत सगळं पिवळं असायचं आणि त्यांचा सदरा आई वेगळ्या बादलीत भिजवायची. माल तोलण्याआधी ते दहा रिकामी पोती एकावर एक रचून काट्यावर ठेवायचे. एका पोत्याचं वजन काट्याला नीट कळत नाही, म्हणून दहांचं करून मग दहाने भागायचं. शेतकरी शेजारी उभा राहून बघायचा. बारदान, म्हणजे नुसत्या पोत्याचं वजन, किती निघालं हे त्याच्यासमोर मोठ्याने सांगितल्याशिवाय वडील पहिलं भरलेलं पोतं उचलू द्यायचे नाहीत. मी सुट्टीत डबा घेऊन जायचे तेव्हा हे शंभरदा पाहिलं आहे. त्यांच्या मुलीने पुढे जे केलं ते पाहायला ते आता नाहीत, याचं गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

गेल्या एप्रिलमध्ये याच बाकांवर रूपाली बसायची. तासगावच्या अलीकडच्या एका गावातली, वय एकतीस, मिरजेच्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात सिस्टर. नवरा लष्करात, वर्षातून दोन महिने घरी. सहा वर्षांची मुलगी, जुई. घरात सासू आणि सासरे. सासरे फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. रूपाली पहाटेची एसटी धरून यायची, ड्यूटी करायची, क्लासला बसायची आणि परतीच्या एसटीत उभ्याने शब्द पाठ करायची. तिच्या वहीच्या कडांना उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा असायचा. माझ्या बावीस वर्षांत तिच्यासारख्या चार-पाचच झाल्या असतील.

त्या दिवशी मी फळ्यावर पोतं काढलं. पोत्यासकट हळद ती ब्रुट्टो, रिकामं पोतं तो टारा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत रूपाली म्हणाली, “म्हंजे बारदान वजा केलं की नेट्टो. आवं मॅडम, ह्ये तर आमाला पोटातनंच येतंय की.” सगळा वर्ग हसला. मग मी पगाराची चिठ्ठी दाखवली. कर जातो, आजारपणाचा विमा जातो, म्हातारपणाचा जातो, नोकरी गेली तर त्याचा, अंथरुणाला खिळलो तर त्याचा. जवळजवळ तिसरा हिस्सा पोत्यातच जातो. रूपालीने वहीत पोतं काढलं आणि त्यावर पाच गाठी काढल्या. ते पान मी तपासलं होतं, खाली बरोबरची खूणही केली होती. म्हणून सांगते, तिला पक्कं ठाऊक होतं.

ती पहिल्या फटक्यात पास झाली. पुढे मुलाखत झाली, करार आला. आणि मग घरचा प्रश्न आला.

आमच्याकडच्या मुली परीक्षेत नापास होत नाहीत, घरात नापास होतात. त्याआधीच्या बॅचमधल्या सहा जणींची प्रमाणपत्रं कपाटात साड्यांखाली पडली आहेत. कुणाच्या नवऱ्याने नको म्हटलं, कुणाच्या दिराने. रूपाली म्हणाली, “मॅडम, तुमीच या घरी. तुमी सांगितलं तर ऐकत्याल. आबांनी भावकीबी बोलावलीया.” म्हणून मी गेले. जुलै महिना होता. ओसरीवर घोंगडं अंथरलेलं, आठ-दहा माणसं, मुलगी बघायच्या बैठकीला असतात तशी. फरक एवढाच की मी वरपक्षाची की वधूपक्षाची हे कुणालाच कळत नव्हतं. करार माझ्या मांडीवर. सगळ्यांनी मुलीचं काय, जेवणाचं काय, थंडीचं काय, सगळं विचारून झालं आणि मग आबांनी पगार विचारला.

मी आकडा वाचला. रुपयांत करून सांगितला. तो इथे लिहीत नाही, अजून तोंड कडू होतं. ओसरीवर कुणीतरी शीळ घातली. आबा मात्र हलले नाहीत. फौजेत जन्म गेलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, ह्यो आकडा कटिंग जाऊन हाय का कटिंगच्या आधीचा?”

जर्मनीत पगार विचारला तर माणूस ब्रुट्टो सांगतो. करारावर तोच असतो. त्यात कुणी कुणाला फसवत नाही, ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करून घेतो. आपल्याकडे पगार म्हणजे हातात येतो तो. लग्नाच्या बोलणीतसुद्धा पहिला आकडा कुणी खरा धरत नाही, ‘हातात किती?’ हा खरा प्रश्न. आबांनी तोच विचारला होता, अगदी सरळ, दुसरा अर्थच निघू नये असा. माझ्याकडे सबब म्हणून काहीही नव्हतं.

“कटिंग जाऊन,” मी म्हणाले. “हातात.”

त्याच वेळी रूपाली चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. डोक्यावर पदर. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिने मान खाली घातली आणि कपांची मांडणी नीट करायला लागली. कप आधीच नीट होते.

मी असं का बोलले याची कारणं मी तेव्हापासून जमवते आहे. ती जावी असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं. खरा आकडासुद्धा चांगलाच होता, तो सांगितला असता तरी कदाचित पाठवलं असतं, हेही खरं. पण ओसरीवर ‘कदाचित’ घेऊन बसायचा मला त्या दिवशी धीर नव्हता. आणि एक कारण असं आहे की ते मी कुणाला सांगितलेलं नाही. क्लासच्या जिन्यात एक फ्लेक्स आहे. जर्मनीला गेलेल्या मुलींचे फोटो त्यावर लावतो. तीन वर्षं त्यावर नवा फोटो लागला नव्हता, आणि जिना चढताना तो रिकामा पट्टा बघायचा मला वीट आला होता. थकलेलं माणूस किती स्वस्तात खोटं बोलतं हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

रूपालीचा फोटो लागला. लाल कोट, मागे विमानतळ, हसू थोडं घाबरलेलं. गावात पेढे वाटले. आणि पहिल्या पगारानंतर घरी पैसे आले ते सांगितल्यापेक्षा खूपच कमी. खोलीचं भाडं आणि जेवण काढून ती उरलेलं सगळं पाठवत होती. पण घरच्यांचं गणित माझ्या आकड्यावरून चाललेलं होतं, आणि त्या गणितात दर महिन्याला एक मोठी रक्कम मधेच कुठेतरी गडप होत होती. ती कुठे जाते याचा शोध घरातल्यांनी लावला. नेमकं त्याच वर्षी जतकडे माहेरी तिच्या भावाने घराला स्लॅब टाकला होता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, असं म्हणावं. फेब्रुवारीत तिचा फोन आला. तिकडे सकाळ होती, मी वह्या तपासत होते. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, “मॅडम, घरात समद्यांस्नी वाटतंय मी माहेराला पैसं पाठवतीया. सासूबाई फोनवर एकच इचारत्यात, किती पाठवलं. आबा तर चार महिनं झालं फोनवर येतच न्हाईत. जुईला दोन मिनिटं देत्यात आन् काढून घेत्यात.”

मी म्हटलं, “अगं, मग सांग ना त्यांना खरं.”

“सांगितलं तर तुमी खोट्या पडताय. न्हाई सांगितलं तर मी चोर ठरतीया,” ती म्हणाली. “तुमी काय करू नका मॅडम. मी आपलं मन मोकळं केलं.”

आणि मी खरोखरच काही केलं नाही. फेब्रुवारीत सराव परीक्षा होती. मार्चमध्ये पाहुणे आले, मग माझी कंबर धरली, मग उन्हाचा कडाका वाढला. कारणं अशी गोळा करता येतात की वाटावं पगार त्याचाच मिळतो. रोज जिन्यात तिचा फोटो दिसायचा. मी भिंतीच्या बाजूने चढायला लागले, फ्लेक्स दुसऱ्या अंगाला राहतो. या वयात जिन्याचीसुद्धा बाजू बदलावी लागते.

तर यंदाच्या एप्रिलमध्ये फळ्यावर ब्रुट्टो लिहून मी थांबले ते यामुळे. पाणी पिऊन झालं. मी पोतं काढलं, पण हळदीचं उदाहरण तोंडातून निघेना. मागच्या बाकावरची एक मुलगी, कवठ्याची, तिने जांभई आवरत विचारलं, “मॅडम, त्ये समदं ऱ्हाऊ द्या. हातात किती पडतंय त्ये सांगा.” वर्ग हसला. मी खडू ठेवला, म्हटलं आज सुट्टी, आणि स्टँडवर जाऊन तासगावची एसटी धरली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याची शेडं. हिरव्या जाळ्यांमागे द्राक्षं वाळत होती आणि आभाळात ढग भरून आले होते, त्यामुळे माणसं ताडपत्र्या ओढत धावपळ करत होती. ढग नुसतेच आले आणि गेले. एसटीत मला बसायला जागा मिळाली, आणि जे बोलायचं त्याची मी मनात तीन वाक्यं तयार केली. मुलींना तोंडी परीक्षेसाठी शिकवते तशी, लहान आणि स्वच्छ. तोंडी परीक्षेला कुठला प्रश्न अनपेक्षित येईल याचा विचार आधी करून ठेवा, असंही मी त्यांना दरवर्षी सांगते. स्वतः मात्र केला नाही.

आबा ओसरीवर ताटात बेदाणा घेऊन देठ निवडत बसले होते. मला पाहून उठायला लागले, मी बसा म्हटलं. रूपालीची सासू आतून पाणी घेऊन आली. जुई आत झोपली होती. मी पाणी न पिताच बोलून टाकलं, “आबा, गेल्या वर्षी मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो आकडा कटिंगच्या आधीचा होता.”

त्यांचा हात ताटात थांबला नाही. दोन-तीन देठ काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, “किती जातंय?”

“तिसरा हिस्सा. जवळजवळ. त्यातून ती भाडं आणि जेवण भागवते. उरतं ते सगळं इथे येतं. माहेरी एक पैसा जात नाही.”

सासू दाराला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं. आबा मनातल्या मनात वजाबाकी करत होते, ओठ हलताना दिसत होते. ओरडतील असं मला वाटलं होतं, आणि ओरडले असते तर मी सुटले असते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“आन् तिला?” ते म्हणाले. “तुमी सांगत हुता तवा तिला ठाऊक हुतं का?”

हा तो प्रश्न. पगाराचं खोटं माझं होतं, पण यावरचं उत्तर तिच्या अंगावर जाणार होतं. सहा महिने पैसे लपवल्याचा आळ तिने सोसला होता. ठाऊक होतं म्हटलं असतं तर तो आळ जाऊन त्याच्या जागी दुसरा बसला असता, घरच्यांना बनवून गेली हा, आणि तो कधीच उतरला नसता. माझ्या डोळ्यांपुढे तिची वही उघडी होती, पोत्यावर पाच गाठी आणि खाली माझीच खूण.

“नाही,” मी म्हणाले. “तिला ठाऊक नव्हतं.”

आबांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नाव शोधलं आणि स्वतः लावला. सासू दोन पावलं पुढे आली. तिकडे दुपारच्या जेवणाची सुट्टी असणार, कारण लगेच उचलला गेला. आवाज मोठा ठेवलेला होता.

“आबा?” रूपालीचा आवाज फाटल्यासारखा आला. “काय झालं? जुईला काय झालं?”

“जुई झोपलीया. काय झालं न्हाई,” आबा म्हणाले. “मॅडम आल्यात हितं. पगाराचं समदं सांगितलं त्येंनी. त्येंचीच चूक झाली म्हनं. तुला ठाऊकच नव्हतं.”

पलीकडे कसलीशी ढकलगाडी गेल्याचा आवाज आला, कुणीतरी तिला जर्मनमध्ये काही विचारलं, ती त्याला ‘एक मिनिट’ म्हणाली. उच्चार अगदी सुरेख. मी मनात प्रार्थना करत होते की आता गप्प बस, पोरी, फक्त हो म्हण.

“ठाऊक हुतं आबा,” ती म्हणाली. “मॅडम माझ्यासाठी बोलत्यात. मी चा घिऊन दारात उभी हुती, समदं ऐकलं. मला बोलायला पायजे हुतं. पर बोललं असतं तर तुमी मला पाठवलं नसतं, म्हणून गप ऱ्हायली.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच ओसरीवर त्याच माणसाला मी दुसऱ्यांदा खोटं सांगितलं होतं आणि ते आता दोघांसमोर उघडं पडलं होतं. मला मान वर करता येईना. मी ताटातल्या बेदाण्यांकडे बघत राहिले. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, ती वाट बघत होती. सहा महिन्यांनी ऐकलेला आबांचा आवाज पुन्हा बंद होतो की काय याची.

आबांनी फोन तोंडाजवळ घेतला. सासूने पुढे होऊन हात केला, तिला त्यांनी थांबवलं.

“थंडी हाय का गं तितं अजून?” त्यांनी विचारलं.

मग ती रडायला लागली, आधी हळू आणि मग आवरेनासं, इतके देश ओलांडून आलेलं रडणं ओसरीभर झालं.

“हाय,” ती म्हणाली. “लय हाय, आबा.”